बाळाचे ठोके ऐकले, आईचे काळीज कोण ऐकणार?

सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलेल्या प्रत्येक गरोदर बाईच्या हातात एक कार्ड असते. माता व बाल संरक्षण कार्ड. आपल्या वस्त्यांत हे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या जोडीने, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले असते. त्यावर वजनाचा रकाना आहे, रक्तदाबाचा आहे, हिमोग्लोबिनचा आहे, लघवी तपासणीचा आहे, धनुर्वाताच्या इंजेक्शनचा आहे, बाळाच्या ठोक्यांचा आहे. करोनाच्या दोन वर्षांत बाळंत झालेल्या आमच्या ओळखीतल्या अनेक भगिनींची कार्डे आम्ही अलीकडे मुद्दाम मागून पाहिली. रात्री झोप लागते का, भीती वाटते का, उगाच रडू येते का, असे विचारणारा एकही रकाना त्यांत आम्हाला सापडला नाही.

रकाना नाही म्हणून प्रश्न नाही आणि प्रश्न नाही म्हणून दुखणे नाही, असा हा सरकारी हिशेब आहे. टाळेबंदीत जन्मलेली लेकरे आता अंगणवाडीतून शाळेच्या पटावर आली. त्या काळात किती रुग्ण, किती मृत्यू, किती खाटा, किती लसी याचे आकडे रोज संध्याकाळी दूरदर्शनवर सांगितले जात होते. परंतु पोटात बाळ घेऊन त्या आकड्यांकडे पाहत बसलेल्या बाईचे काय झाले, हे विचारायला कोणी आले नाही. आम्हीसुद्धा गेलो नाही. ते पुढे सांगतोच.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांत देश बंद झाला. ज्यांच्या घरात महिन्याचे धान्य होते त्यांनी दाराला आतून कडी लावली. ज्यांचे पोट हातावर होते ते रस्त्यावर आले. आणि जिच्या पोटात आणखी एक पोट होते तिने काय करायचे, याचा विचार त्या घोषणेत कुठेही नव्हता.

मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात नाशिकहून मध्य प्रदेशातल्या सतना जिल्ह्याकडे पायी निघालेली एक मजूर बाई रस्त्याच्या कडेला बाळंत झाली. सोबतच्या बायकांनी लुगडी धरून आडोसा केला. तास-दोन तास विसावा घेऊन ती ओली बाळंतीण उठली आणि बाळ उराशी धरून पुढचे दीडशे किलोमीटरच्या आसपास चालली. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली, तिच्या ‘हिमती’चे कौतुक केले. त्याच महिन्यात मुंब्र्यात एका गरोदर भगिनीला तीन रुग्णालयांनी दाखल करून घेतले नाही आणि रिक्षातच तिने प्राण सोडला. गुन्हे नोंदले गेले, बातमी जुनी झाली. आमचा सवाल असा आहे की, या दोन बातम्या ज्या हजारो गरोदर बायांनी शेजारच्या मोबाईलवर पाहिल्या, त्या रात्री त्यांना झोप लागली असेल का?

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत राहणाऱ्या आमच्या एका भगिनीची हकीकत ऐका. टाळेबंदी लागली तेव्हा तिला सातवा महिना होता. चार घरची धुणी-भांडी करायची. नवरा नाक्यावरचा बिगारी. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे. सोसायटीच्या फाटकातून तिला आत सोडणे बंद झाले, एका घरच्या बाईंनी अर्धा पगार दिला, बाकीच्या तिघींनी फोन उचलला नाही. शौचालय सार्वजनिक, रांग लांब, आणि वस्तीत पहिला रुग्ण सापडला तो त्याच शौचालयाच्या गल्लीत. तेव्हापासून तिने पाणी पिणे कमी केले. जायलाच नको म्हणून. आठव्या महिन्यात लघवीला जळजळ सुरू झाली ती त्यामुळे, पण त्याचे कारण कोणी विचारले नाही, गोळ्या मात्र मिळाल्या.

ज्या प्रसूतिगृहात तिने नाव घातले होते ते करोनाच्या रुग्णांसाठी घेतले गेले. दुसरीकडे गेली तर, ‘आधी रिपोर्ट आणा.’ वास्तविक, तपासणीचा अहवाल नाही म्हणून बाळंतपणासारखी तातडीची सेवा अडवू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १८ मे २०२० च्या आपल्या सूचनांत लिहून ठेवले होते. हे लिहिलेले वस्तीपर्यंत पोहोचले नाही आणि दवाखान्याच्या दारावरच्या रखवालदारापर्यंतही पोहोचले नाही. शेवटी कळा सुरू झाल्यावर ती तिसऱ्या दारी दाखल झाली. सासूला फाटकाबाहेर थांबवले. तिला पॉझिटिव्ह ठरवले आणि बाळ झाल्यावर ते नणंदेच्या हवाली केले. आईला करोना असला तरी बाळ तिच्याजवळ ठेवावे, तोंडाला मास्क लावून, हात धुऊन अंगावर पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही सांगत होती. या मायमाऊलीने मात्र नऊ दिवस दूध पिळून मोरीत टाकले.

ती आम्हाला म्हणाली, “दादा, बाळ पोटात लाथ मारायचं तेव्हा बरं वाटायचं, आणि दुसऱ्याच क्षणाला धडकी भरायची. वाटायचं, याला बाहेर कशाला आणतेय मी?” तिचा मुलगा आता शाळेत जातो. आजही ती रात्री दोन-तीनदा उठते आणि त्याच्या नाकापुढे हात धरून श्वास चालू आहे का ते पाहते. घरचे हसतात.

आता आमचे सांगतो. त्या वस्तीत आम्ही कार्यकर्ते रेशनचे किट घेऊन दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा तिच्या दारात उभे राहिलो. तांदूळ, तूरडाळ, तेल, साबण मोजून दिले, वहीत सही घेतली, फोटो काढला. तिचे पोट आम्हाला दिसत होते. तरीही आम्ही तिला एका शब्दाने काही विचारले नाही. मागाहून तिला विचारले, तेव्हा विचारले असते तर काय सांगितले असते? ती म्हणाली, “काय सांगणार? दोन मिनिटं बसा म्हटलं असतं.”

दुसरी हकीकत बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या भगिनीची. ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सहा महिने ती फेडत राहायची. पहाटे चारला फडात उतरायचे, तोडायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. आजारपणात एक दिवस पडले तर खाडा, म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेलेच आणि वर दंड. बाई पोटुशी असो की तापाने फणफणलेली असो, तिच्या वाटणीचे काम न झाले तर अर्धा कोयता. याच जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये काढण्याचा प्रश्न २०१९ साली गाजला, समिती नेमली गेली. पाळीचे चार दिवस परवडत नाहीत म्हणून गर्भाशय काढणाऱ्या धंद्यात गरोदरपणाचे नऊ महिने कसे परवडत असतील, याची वाचकहो, कल्पना करा.

टाळेबंदी आली तेव्हा हंगाम संपत आला होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या परिसरात सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड कामगार अडकून पडले. काम बंद, किराणा बंद, कोपीत उन्हाचा ताव. १७ एप्रिल २०२० रोजी राज्य सरकारने त्यांना तपासणी करून गावी सोडण्याचा निर्णय जाहीर केला. तोपर्यंतचे तीन आठवडे आमच्या या भगिनीने आठव्या महिन्याचे पोट घेऊन चगाळाच्या कोपीत काढले. तिचे कार्ड गावाकडे पेटीत. अड्ड्यावर आशाताई नाही, कारण तिथल्या गावाच्या यादीत हिचे नाव नाही. गावाकडच्या यादीत नाव आहे, पण तिथे ही नाही. सहा महिने ही बाई सरकारच्या कुठल्याच वहीत नव्हती.

गावी परतली तर वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. मुंबई-पुण्याकडून, कारखान्याकडून आलेल्याला आत घ्यायचे नाही असा गावकीचा ठराव. गावाबाहेर ठेवणे ही गोष्ट आपल्या लोकांना नवीन नाही. फरक एवढाच की या वेळी गावाबाहेरच्या वस्तीनेसुद्धा आपल्याच लेकीला वस्तीबाहेर ठेवले. चौदा दिवस शेतात पालाखाली. विंचूकाट्याची भीती, कळा कधी सुरू होतील याची भीती, आणि या सगळ्यापेक्षा मोठी भीती उचल फिटली नाही याची. तिचा नवरा आम्हाला म्हणाला की ती रात्रभर बोटे मोडत हिशेब करायची. किती टन झाले, किती राहिले. बाळाचे कपडे नाहीत, नाव ठरवणे नाही, डोहाळे नाहीत. नुसता हिशेब. बाळंत झाल्यावर चार दिवस ती बाळाकडे पाठ करून निजून होती. ‘बाहेरचे लागले’ म्हणून घरच्यांनी लिंबू उतरवले. बावीस प्रतिज्ञा चौकट करून भिंतीवर लावलेल्या घरात लिंबू उतरवले, हे लिहिताना आम्हाला लाज वाटते. पण त्या घराला दोष देण्याआधी हेही सांगितले पाहिजे की, दवाखान्यातून डॉक्टर, नर्स, कोणीही त्यांना दुसरे काही कारण सांगितले नव्हते. विज्ञान जिथे तोंड उघडत नाही तिथे मांत्रिक बोलू लागतो.

विज्ञान काय सांगते? गरोदरपणातले आणि बाळंतपणानंतरचे नैराश्य हा एक आजार आहे. तो ओळखता येतो, त्यावर उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत गरोदरपणात १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, गाठतो. भारतातल्या ३८ अभ्यासांतल्या २०,०४३ मातांची माहिती एकत्र करून २०१७ साली जे अनुमान निघाले ते २२ टक्क्यांचे होते. म्हणजे पाच बाळंतिणींमागे एकीहून जास्त. हे करोनापूर्वीचे आकडे आहेत, सुखाच्या दिवसांतले म्हणू या. करोना आल्यावर एप्रिल २०२० मध्ये कॅनडात १,९८७ गर्भवतींना प्रश्न विचारले गेले. त्यांत ५७ टक्के स्त्रियांत चिंतेची आणि ३७ टक्के स्त्रियांत नैराश्याची ठळक लक्षणे आढळली. कॅनडा हा सरकारी खर्चाने उपचार देणारा श्रीमंत देश आहे. तिथल्या बाईची ही गत, तर उचल घेऊन फडात उतरलेल्या बाईची काय असेल?

पण आमच्या बाया ‘मला नैराश्य आले’ असे म्हणत नाहीत. त्या म्हणतात, जीव घाबरा होतो. डोके जड झाले. अन्नावरची वासना उडाली. छातीत काहीतरी बसल्यासारखे वाटते. अंगात त्राण नाही. डॉक्टर हे ऐकतात आणि लोहाच्या गोळ्या लिहून देतात. रक्त कमी असतेच, त्यामुळे गोळ्या चुकीच्या नसतात. चूक अशी की तपासणी तिथेच संपते. या ताणाचा परिणाम आईपुरता राहत नाही. दिवस भरण्याआधी बाळंत होणे, बाळाचे वजन कमी भरणे, बाळाला अंगावर पाजण्यात अडचण येणे यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. कुपोषणाच्या सरकारी बैठकांत आहाराची पाकिटे मोजली जातात. पाकीट पोहोचूनही आईच्या घशाखाली घास का उतरत नाही, हा विषय त्या बैठकीच्या टिपणात नसतो.

आणि ही भीती पोकळ होती असेही कोणी समजू नये. आयसीएमआरच्या मुंबईतल्या संस्थेने करोनाबाधित गर्भवतींची नोंदवही ठेवली होती. तिच्यातल्या १,५३० स्त्रियांच्या माहितीनुसार पहिल्या लाटेत बाधित मातांतला मृत्युदर ०.७ टक्के होता, दुसऱ्या लाटेत तो ५.७ टक्के झाला. याच काळात लसीकरण चालू होते, परंतु गर्भवतींना लस घेण्याची परवानगी केंद्राने दिली ती २ जुलै २०२१ रोजी. तोवर दुसरी लाट ओसरली होती. घरात सासू लस घेऊन आली, नवरा घेऊन आला, आणि जिला सर्वांत जास्त भीती ती दारात उभी.

साथीच्या रोगाला जात नसते असे त्या काळात फार वेळा ऐकले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबई शहराच्या आरोग्य खात्याने मृत्यूंची जी नोंद ठेवली तिच्यात युरोपियनांचा मृत्युदर हजारी ८.३ होता, इतर हिंदूंचा १८.९ आणि ज्यांना त्या नोंदीत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले होते त्यांचा ६१.६. परक्या इंग्रज सरकारने निदान एवढा तक्ता तरी मांडला. करोनाचा असा जातवार तक्ता आमच्या पाहण्यात आलेला नाही. जिथे मृत्यूचीच जातवार नोंद नाही तिथे मनाच्या दुखण्याची कोण ठेवणार?

या देशात गरोदर बाईच्या भीतीचा पहिला इलाज कोणी केला असेल तर तो जोतीराव आणि सावित्रीमाई यांनी. १८६३ साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवायचे ते तिने ठरवावे, अशी जाहीर हमी त्यांनी दिली. विहिरीकडे निघालेल्या बाईला त्यांनी पाप-पुण्य विचारले नाही. आधी तिची भीती काढून घेतली. त्याच सावित्रीमाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी लेकरू पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि १० मार्चला स्वतःचा प्राण दिला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ साली मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून तत्त्वतः हा भार सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. विरोधक गिरणीमालकांच्या खर्चाचे रडगाणे गात होते. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री म्हणून १९४३ साली खाणीतल्या स्त्रियांच्या मातृत्व लाभाच्या कायद्यातल्या दुरुस्तीचे कामही त्यांच्याच हातून झाले. बाबासाहेबांनी वापरलेला शब्द विश्रांती आहे. विश्रांती म्हणजे अंग टाकणे एवढेच का? उद्याच्या चुलीची काळजी डोक्यात घेऊन पडलेल्या बाईला विश्रांती मिळते का? २०१७ साली कायद्याने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, ती पगारी नोकरीतल्या बायांसाठी. घरकाम करणारी, कचरा वेचणारी, ऊस तोडणारी बाई त्या कायद्याच्या दाराबाहेर राहिली. तिच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपये देण्याचे वचन दिले. २०१७ पासून प्रत्यक्षात आली ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना, ५,००० रुपयांची, तीन हप्त्यांत, तीही पहिल्या जिवंत अपत्यापुरती. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तरच पुन्हा लाभ. म्हणजे टाळेबंदीत दुसऱ्यांदा गरोदर असलेल्या आमच्या भगिनीला सरकारच्या लेखी विश्रांतीची गरजच नव्हती.

आता एक गोष्ट आपल्या घरातली. बोलायला अवघड आहे, पण बोलतो. माता रमाई हा आपल्या सर्वांच्या काळजाचा विषय. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे त्या माऊलीने मातीआड केली. आपण तिच्या त्यागाची गाणी गातो, दरवर्षी जयंती करतो, डोळे पाणावतात. पण रमाईने ते दुःख कसे सोसले, त्या काळात तिला कोणी जवळ बसवून विचारले का, तिच्या ढासळत गेलेल्या तब्येतीत त्या दुःखाचा वाटा किती, यावर आपल्या मंचावर भाषण झालेले आम्ही ऐकलेले नाही. त्यागाची गाणी गाता गाता आपण एक वाईट सवय लावून घेतली आहे. आपल्या घरातली बाई न बोलता सोसते तेव्हा तिला ‘रमाईची लेक’ म्हणून शाबासकी देतो. ती बोलली, रडली, बाळाला घ्यायला नको म्हणाली, तर ‘हे कसले चोचले, आमच्या आयांनी दहा-दहा बाळंतपणे केली’ म्हणून गप्प करतो. त्या दहांपैकी किती लेकरे हाताशी लागली आणि त्या आया रात्री कशा जागल्या, हे आपण कधी विचारले? रमाईचा खरा मान राखायचा तर तिच्या लेकींना बोलू दिले पाहिजे, असे आम्हाला वाटते. कोणाला हे पटणार नाही. पत्र लिहावे, आम्ही उत्तर देऊ.

उपाय नाहीत असे नाही. एडिंबरोच्या डॉक्टरांनी १९८७ साली दहा प्रश्नांची एक यादी केली, ती जगभर वापरली जाते. पाच मिनिटे लागतात. यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही. केरळ सरकारने ‘अम्मा मनस्सू’ या नावाने गर्भवती आणि मातांच्या मनाची तपासणी आपल्या आरोग्यसेविकांमार्फत सुरू केली. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष आहे. शिकलेले डॉक्टरच हवेत असेही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात गावातल्याच आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन नैराश्याने ग्रासलेल्या गर्भवतींच्या घरी पाठवले गेले. जवळ बसायचे, बोलायचे, तिच्या मनातल्या विचारांची गाठ सोडवायला मदत करायची, घरच्यांना सोबत घ्यायचे. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा त्या मातांपैकी २३ टक्के आजारी उरल्या होत्या. जिथे अशी भेट नव्हती तिथे ५३ टक्के. २००८ साली हे प्रसिद्ध झाले, जागतिक आरोग्य संघटनेने पुढे त्याची पुस्तिका काढली आणि आपल्या शेजारच्या गोव्यात वस्तीतल्या साध्या बायांकडून हेच काम करून पाहिले गेले.

आमच्याकडे आशाताई आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत ती सहा वेळा जाते. बाळाचे वजन घेते, ताप पाहते, बेंबी पाहते. तिच्याच फेरीत आईला चार प्रश्न विचारता येतील. परंतु करोनात तिच्या गळ्यात सर्वेक्षणाची वही, ऑक्सिमीटर आणि ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ अडकवली गेली. गर्भवतींच्या भेटी मागे पडल्या. त्या कामाचे दाम मागण्यासाठी तिला जून २०२१ मध्ये राज्यभर संपावर जावे लागले. तेव्हा आशेने मनाचीही तपासणी करावी असे सांगताना, आम्ही हेही बजावून सांगतो की तिला त्याचे प्रशिक्षण आणि मोबदला मिळाला पाहिजे. फुकटची ‘सेवा’ आमच्या बायांकडून पिढ्यान्‌पिढ्या करून घेतली आहे, आणखी नको.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सरकारी खर्चाने मनाच्या उपचाराचा हक्क देतो. त्याच कायद्यात असेही आहे की, उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील बाळ सहसा वेगळे करू नये. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथे केसपेपर काढून जाता येते. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, फोनचा खर्च नाही, मराठीत बोलता येते. ज्या घरात बाळंतीण दोन आठवड्यांहून जास्त उदास आहे, झोपत नाही, बाळाकडे पाहत नाही, किंवा ‘मी नसते तर बरे’ असे बोलते, त्या घराने लिंबू, अंगारा, उद्या-परवा असे काही न करता तिला एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

बीड जिल्ह्यातल्या त्या गावात आम्ही मागच्या महिन्यात पुन्हा गेलो. तिथल्या महिला मंडळाने पौर्णिमेच्या वंदनेनंतर बसून वस्तीतल्या गरोदर आणि ओल्या बाळंतिणींची यादी केली. आठवड्यातून एकदा दोघीदोघींनी त्यांच्याकडे जायचे, कामाचे काही न बोलता आधी बसायचे, असे ठरले. यादी लिहिण्याचे काम पालाखाली दिवस काढलेल्या आमच्या भगिनीने घेतले. ती सातवी शिकलेली आहे, अक्षर चांगले आहे. यादीत अकरा नावे आली. त्यांपैकी तिघी दसऱ्यानंतर टोळीबरोबर जाणार आहेत, एकीला तेव्हा सातवा महिना लागलेला असेल. तिची उचल आधीच घेतली गेली आहे. तिचे कार्ड पेटीत न ठेवता सोबत द्यायचे, ज्या गावाच्या शिवारात अड्डा पडेल तिथल्या आशाताईंचा नंबर आधी मिळवायचा, आणि खाडा धरू नये म्हणून मंडळाच्या चौघींनी मुकादमाच्या घरी जायचे, हे त्या बैठकीत ठरले आहे. मुकादम त्याच गावचा आहे. त्याच्या सुनेचे नावही यादीत सहाव्या ओळीवर आहे.